दर्यावर्दी बापांचा माग

बापाकडून मुलाकडे जाणारे वाय गुणसूत्र समुद्र ओलांडलेल्या माणसांच्या वाटा सांगते. मात्र ते अर्धीच गोष्ट सांगते.

छत्रपती संभाजीनगर दख्खनच्या पठारावर, समुद्रापासून दूर आहे. तरीही या शहराचा पाया घालणारा माणूस समुद्र ओलांडून आला होता. खडकी या गावी १६१० मध्ये नवे शहर वसवणारा मलिक अंबर इथिओपियात जन्मला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि येमेनमधले मोखा बंदर, मग बगदाद अशी ठिकाणे आणि मालक बदलत अहमदनगरच्या निजामशाहीत पोहोचला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगीझखान हाही हबशीच होता. पुढे याच अंबरने मोगलांना झुंजवले, १६२४ मध्ये भातवडीची लढाई जिंकली, शहराला नहर दिली. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे.

अंबर सत्तेपर्यंत पोहोचला म्हणून त्याची वाट कागदावर आली. त्याच हिंदी महासागरातून आलेल्या हजारो खलाशांची, व्यापाऱ्यांची, गुलामांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. त्यांचा माग काढायचा तर त्यांच्या वंशजांच्या पेशींत डोकवावे लागते. गेल्या तीसेक वर्षांत हे शास्त्र चांगलेच पुढे गेले आहे. पॅसिफिकपासून मादागास्करपर्यंत पसरलेल्या ऑस्ट्रोनेशियन दर्यावर्दींच्या अभ्यासात ते विशेष उपयोगी पडले, आणि त्या अभ्यासाचे धडे आपल्या कोकण किनाऱ्यालाही लागू पडतात.

नकलेतली चूक हाच पुरावा

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांपैकी २२ जोड्यांत आईबापांकडून आलेल्या भागांची दर पिढीत सरमिसळ होते. वाय गुणसूत्राचे तसे नाही. ते फक्त पुरुषांत असते आणि टोकांकडचा थोडा भाग सोडला तर बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. त्याची लांबी सुमारे ६ कोटी २० लाख अक्षरांची आहे. ते शेवटपर्यंत वाचून झाले ते २०२३ मध्ये.

जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकांना एक युक्ती ठाऊक असते. नकलाकाराने एका जागी चूक केली की त्या प्रतीवरून उतरवलेल्या सगळ्या प्रतींत ती चूक उतरते. दोन पोथ्यांत एकच चूक सापडली तर त्यांचे मूळ एक. वाय गुणसूत्रातही क्वचित एखादे अक्षर बदलते आणि तो बदल पुढच्या सगळ्या मुलग्यांत, नातवांत, पणतवांत राहतो. अशा बदलांवरून पुरुषांच्या वंशरेषांचा एक मोठा वृक्ष मांडता येतो. त्याच्या मुख्य शाखांना वंशगट म्हणतात आणि ए, बी, सी अशी अक्षरे देऊन ओळखतात.

आईकडचा धागा वेगळा आहे. मायटोकॉन्ड्रियातील १६,५६९ अक्षरांचा डीएनए आईकडून सर्व मुलांना मिळतो, पण पुढच्या पिढीत तो फक्त मुलीच नेतात. बापाचा आणि आईचा असे हे दोन धागे शेजारी ठेवले की स्थलांतराचे स्वरूप कळू लागते. कुटुंबे आली की नुसते पुरुष आले, त्यांनी तिथल्या स्त्रियांशी लग्ने केली का, असे प्रश्न मग विचारता येतात.

तैवानपासून मादागास्करपर्यंत

ऑस्ट्रोनेशियन भाषाकुळात सुमारे बाराशे भाषा आहेत. हे कुळ तैवानमधून निघाले, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. सुमारे चार-पाच हजार वर्षांपूर्वी तिथून निघालेले लोक फिलिपिन्स आणि इंडोनेशियात पसरले. तीन हजार वर्षांपूर्वी ते व्हानुआटू आणि टोंगापर्यंत गेले होते. शेवटी हवाई, रापानुई आणि तेराव्या शतकाच्या सुमारास न्यूझीलंड. होकायंत्राशिवाय, तारे, लाटा आणि पक्षी पाहत केलेला हा प्रवास आहे.

तैवानच्या आदिवासी पुरुषांत ओ वंशगटाची एम ११९ ही खूण मोठ्या प्रमाणावर आढळते. मग पॉलिनेशियातही तीच दिसायला हवी. मानफ्रेड कायझर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पॉलिनेशियन लोकांचे दोन्ही धागे तपासले तेव्हा वेगळेच चित्र दिसले. आईकडचा धागा सुमारे ९४ टक्के आशियाई होता. बापाकडच्या धाग्यात मात्र जवळपास दोन तृतीयांश वंशरेषा मेलानेशियातल्या, म्हणजे न्यूगिनीच्या बाजूच्या होत्या. केवळ वाय गुणसूत्र पाहणाऱ्याने पॉलिनेशियन लोकांचे मूळ न्यूगिनीत शोधले असते.

हे मिश्रण वाटेतच झाले असावे, अशी तेव्हाची समजूत होती. २०१६ मध्ये व्हानुआटूतील तेओउमा आणि टोंगा इथल्या प्राचीन सांगाड्यांचा डीएनए वाचला गेला. त्या पहिल्या रहिवाशांत न्यूगिनीकडचा वारसा जवळजवळ नव्हताच. म्हणजे पहिली गलबते सरळ पुढे गेली. न्यूगिनीकडचे लोक मागाहून आले, आणि त्यांत पुरुषांचा वाटा अधिक होता. जिवंत माणसांच्या गुणसूत्रांत घटना दिसतात, पण त्यांचा क्रम लावायला अनेकदा हाडांची साक्ष लागते.

हेच लोक पश्चिमेकडे मादागास्करलाही पोहोचले. हे बेट आफ्रिकेपासून सुमारे चारशे किलोमीटरवर आहे आणि बोर्निओपासून सात हजार किलोमीटरहून दूर. तरी तिथली मालागासी भाषा दक्षिण बोर्निओतील मान्यान भाषेच्या जवळची आहे. २००५ मध्ये मॅथ्यू हर्ल्स आणि सहकाऱ्यांनी मालागासी पुरुषांच्या वाय गुणसूत्रांत आफ्रिका आणि बोर्निओ असे दोन्ही वारसे दाखवले. आईकडचा धागाही तसाच दुहेरी निघाला. म्हणजे गलबतांतून स्त्रियाही आल्या होत्या. २०१२ मधल्या एका संगणकीय अभ्यासाने अंदाज बांधला की सुमारे बाराशे वर्षांपूर्वी जेमतेम तीस स्त्रियांच्या गटापासून तिथली वस्ती वाढली असावी.

मेळघाटातली खूण

मालागासी पुरुषांत सापडणारी ओ वंशगटाची आणखी एक खूण म्हणजे एम ९५. ती आपल्याकडेही आहे. मेळघाटात बोलली जाणारी कोरकू ही मुंडा गटातली भाषा, त्या गटातली सर्वांत पश्चिमेकडची. मध्य आणि पूर्व भारतातल्या मुंडा भाषक पुरुषांत एम ९५ मोठ्या प्रमाणावर आढळते, तर त्यांच्या आईकडच्या वंशरेषा जवळजवळ सर्वस्वी भारतीय आहेत. आग्नेय आशियातून आलेले पुरुष आणि इथल्या स्त्रिया अशा संसारांतून हे समाज उभे राहिले, असा त्याचा अर्थ लावला जातो. ते डोंगरवाटांनी आले की बंगालचा उपसागर ओलांडून, हा वाद चालू आहे. भाषाशास्त्रज्ञ फेलिक्स राऊ आणि पॉल सिडवेल यांनी २०१९ मध्ये महानदीच्या मुखाशी समुद्रमार्गे आल्याचे गृहीतक मांडले.

म्हणून मुंडा समाज बोर्निओतून आले, असे मात्र म्हणता येणार नाही. एम ९५ ही खूण ज्या पुरुषात प्रथम उमटली तो या दोन्ही प्रवासांच्या पुष्कळ आधीचा. त्याच्या वंशातल्या दोन वेगळ्या फांद्या दोन वेगळ्या दिशांना गेल्या.

अशीच सावधगिरी होड्यांबाबत बाळगावी लागते. रत्नागिरी, मालवणकडच्या होडीला एका बाजूला उलांडी असते. लाटेवर तोल सांभाळणारे हे लाकूड ऑस्ट्रोनेशियन नौकांची ओळख मानले जाते. जेम्स हॉर्नेल यांनी १९२० मध्येच भारतीय होड्यांचा अभ्यास करून हे धागे पूर्वेकडच्या बेटांशी जोडले होते. पण होडीची रचना शेजाऱ्याची पाहूनही करता येते. उलांडी आली म्हणजे ती बांधणाऱ्यांचे वंशजही इथे राहिले, असे ठरत नाही.

नवगाव आणि संजाण

कोकण किनाऱ्यावर दोन्ही धागे नीट तपासलेला समाज म्हणजे बेने इस्रायल हे इथले ज्यू. अलिबागजवळ नवगावला गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारची सुट्टी, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची भाषा मराठी आणि आडनावे किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्यात मध्यपूर्वेतील ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे भरघोस आढळले. ज्यू वाटा पुरुषांकडून अधिक, स्थानिक वाटा स्त्रियांकडून अधिक. मिश्रणाचा काळ १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा.

परंपरा त्याहून पुष्कळ जुना काळ सांगते, म्हणून ती खोटी ठरते का? नाही. जनुकांतून कळते ती मिश्रणाची तारीख, आगमनाची नव्हे. आलेले लोक काही पिढ्या आपसांतच लग्ने करत राहिले तर दोन्हींत मोठे अंतर पडते.

इराणहून गुजरातेतल्या संजाणला उतरलेल्या पारशांची गोष्टही याच वळणाची आहे. त्यांच्या बापाकडच्या वंशरेषा मुख्यतः इराणकडच्या आहेत. २०१७ मधल्या अभ्यासात संजाणच्या उत्खननातले जुने अवशेष तपासले गेले, तेव्हा आईकडच्या वंशरेषांपैकी जवळपास निम्म्या दक्षिण आशियाई निघाल्या.

हबशी म्हणजे नेमके कुठले?

आता पुन्हा आफ्रिकेकडे. दख्खनच्या इतिहासात आफ्रिकेतून आलेल्यांसाठी हबशी आणि सिद्दी हे शब्द सरमिसळ येतात. हबश म्हणजे इथिओपिया. अंबर तिथलाच. पण आजच्या सिद्दी समाजाचे मूळ तेच आहे का? हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतील कुमारसामी थंगराज, लालजी सिंह आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये कर्नाटक आणि गुजरातेतील सिद्दींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ई वंशगटाची एक शाखा कर्नाटकातील सुमारे ४२ टक्के आणि गुजरातेतील सुमारे ३४ टक्के सिद्दी पुरुषांत आढळली. ही शाखा सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या बांटू भाषकांत मुबलक असते. इथिओपियात ई वंशगटाच्या दुसऱ्या शाखा जास्त दिसतात.

आईकडचा धागाही बांटू भाषकांकडेच गेला. म्हणजे स्त्रियाही आणल्या गेल्या. शेजारच्या भारतीय समाजांशी मिश्रण झाले ते मागच्या आठएक पिढ्यांत, सुमारे दोनशे वर्षांपूर्वी. यातून दोन वेगळे प्रवाह दिसतात. इथिओपियातून तांबड्या समुद्रामार्गे आलेले लष्करी गुलाम हा एक. त्यांपैकी काही सरदार झाले आणि बखरींत आले. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, पोर्तुगीज काळात, स्त्रीपुरुष दोघांनाही आणणारा गुलामांचा व्यापार हा दुसरा. पहिल्याची साक्ष खडकी देते, दुसऱ्याची साक्ष मुख्यतः जनुके देतात. ज्या इतिहासलेखनात दोघांना एकच हबशी हे नाव मिळाले, त्याला ही दुरुस्ती करून घ्यावी लागेल.

हजारातला एक

दहा पिढ्या मागे गेलो तर वंशावळीत १,०२४ पूर्वजांच्या जागा असतात. वाय गुणसूत्र त्यांतल्या एकाच पुरुषाची वाट सांगते. उरलेल्या १,०२३ जणांविषयी ते गप्प असते. ज्याला मुलगेच झाले नाहीत त्याची रेषा तिथेच संपते, मग त्याच्या लेकींचा वंश कितीही वाढो. आपल्या समाजात कुळ, गोत्र, आडनाव सारे बापाकडून मोजायची सवय, त्यामुळे वाय गुणसूत्राचा अहवाल म्हणजे अस्सलपणाचा दाखला, असा समज लगेच पसरतो. पॉलिनेशियापासून नवगावपर्यंतचा पुरावा उलटे सांगतो. समुद्रापलीकडून आलेले बाप इथे रुजले ते बहुतेक ठिकाणी इथल्या आयांमुळे.

वंश सांगणाऱ्या चाचण्या आता घरपोच मिळतात. अशी चाचणी केलीच तर अहवालातला वंशगट पाहून छाती फुगवण्याआधी तीन गोष्टी विचारा. तुलना कोणत्या समाजांच्या नमुन्यांशी केली? ते नमुने किती होते? आणि आईकडचा धागा तपासला का? या तीन उत्तरांशिवाय आलेल्या अहवालावर आपले मूळ ठरवू नका, दुसऱ्याचे तर मुळीच नको.