टेलिफोटो भिंग आणि तिपाईचे शीर्ष : मेळघाटातील पक्षिनोंदींच्या संदर्भात एक विचार

चिखलदऱ्याच्या पठारावरून मेळघाटच्या सागवनात उतरणाऱ्या पक्षिनिरीक्षकापुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. निष्पर्ण सागाच्या शेंड्याजवळ, भर दिवसा, एक लहानसे घुबड बसलेले दिसते. ते आपल्या गावोगावच्या वडा-चिंचांवर आढळणारा साधा पिंगळा होय की दुर्मिळ रानपिंगळा, हे ठरवावयाचे असते. दोहोंचा आकार जवळजवळ सारखाच. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर व पाठीवर पांढरे ठिपके स्पष्ट असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे असते आणि पंखांवर व शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असतात. म्हणजे संपूर्ण निर्णय काही मिलिमीटरांच्या खुणांवर अवलंबून राहतो.

या खुणांना किती महत्त्व आहे हे रानपिंगळ्याच्या इतिहासावरून कळते. ह्यूम यांनी १८७३ मध्ये या जातीचे वर्णन केले. १८८४ नंतर तिचा विश्वसनीय नमुना कोणालाही मिळाला नाही. १९१४ साली गुजरातेत मिळाल्याचे सांगितलेला माइनर्ट्‌झहागेन यांचा नमुना वास्तविक ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना होता. त्यावरील खोट्या चिठ्ठीने शोधकांची पुष्कळ काळ दिशाभूल केली. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ हा पक्षी जिवंत आढळला. पुढील काही वर्षांत तो मेळघाटातही असल्याचे सिद्ध झाले. एका चुकीच्या नोंदीची किंमत अभ्यासकांना किती द्यावी लागते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

आज पक्षी मारून नमुना गोळा करण्याचे दिवस गेले आहेत. त्याची जागा छायाचित्राने घेतली आहे. घरट्याजवळ जाणे पक्ष्याला बाधक असल्यामुळे ते दुरूनच घ्यावे लागते आणि दुरून घ्यावयाचे तर लांब केंद्रांतराचे भिंग हवे. असे भिंग घेणारे विद्यार्थी भिंगाची निवड फार काळजीपूर्वक करतात. मात्र ते ज्यावर ठेवावयाचे त्या तिपाईच्या शीर्षाचा विचार बहुधा शेवटी आणि घाईने होतो. प्रस्तुत लेखात या शीर्षाची निवड कोणत्या तत्त्वावर करावी, हे सांगण्याचा हेतू आहे.

प्रथम एक साधे गणित पाहू. भिंगाचे केंद्रांतर ६०० मिलिमीटर, पक्षी ४० मीटर दूर आणि कॅमेऱ्यातील संवेदकाच्या एका पिक्सेलची रुंदी ४ मायक्रोमीटर आहे असे धरू. पक्ष्याच्या डोक्यावरील २ मिलिमीटरांच्या ठिपक्याची प्रतिमा ०.०३ मिलिमीटर, म्हणजे सुमारे सात पिक्सेलांची पडेल. ठिपका ओळखण्यास इतके पुरेसे आहे. परंतु झडप उघडी असताना भिंग कोनाच्या अवघ्या १० सेकंदांनी हलले, तर प्रतिमा तितकीच सरकते आणि ठिपके एकमेकांत मिसळून डोके एकरंगी दिसू लागते. आधारापासून २५ सेंटिमीटर पुढे असलेल्या भिंगाच्या टोकाला एवढा कोन फिरण्यासाठी मिलिमीटरच्या सुमारे एक-ऐंशीांश भागाइतकेच हलावे लागते. थोडक्यात, केसाच्या जाडीहूनही कमी अशा कंपनाने साधा पिंगळा कागदोपत्री रानपिंगळा होऊ शकतो! अंधुक छायाचित्र केवळ अपुरे असते असे नव्हे. ते खोटी साक्षही देऊ शकते.

शीर्षाकडून आपल्या दोन अपेक्षा असतात. पहिली समतोलाची, दुसरी दृढतेची. या दोन्ही भिन्न आहेत व त्यांची गल्लत केल्यामुळेच चुकीची निवड होते.

समतोलाचा विचार करताना एकच प्रश्न विचारावा : कॅमेरा व भिंग यांचा एकत्रित गुरुत्वमध्य शीर्षाच्या फिरण्याच्या अक्षाच्या संदर्भात कोठे आहे? बॉल हेडमध्ये तो गोळ्याच्या केंद्राच्या वर असतो. ही अस्थिर समतोलाची अवस्था होय. समजा, एकूण वस्तुमान ४ किलोग्रॅम असून गुरुत्वमध्य गोळ्याच्या केंद्रापासून १२ सेंटिमीटर वर आहे. भिंग २० अंश कलताच सुमारे १.६ न्यूटन-मीटर इतके परिबल ते खाली पाडू पाहते. ४५ अंशांवर ते दुपटीहून अधिक, म्हणजे सुमारे ३.३ न्यूटन-मीटर होते. जितके कलावे तितके पडण्याचे बल वाढते. गोळा घट्ट आवळून ते रोखता येते, पण आवळल्यानंतरही प्रतिमा किंचित खाली घसरते. पक्षी हलला की पकड पुन्हा सैल करावी लागते आणि त्या क्षणी हात निसटला तर जड भिंग तिपाईच्या पायावर आदळण्याचे भय असते.

गिंबल हेडमध्ये ही अडचण मुळातच नाहीशी केलेली असते. त्यात भिंग एका बाहूला अशा रीतीने बसवितात की गुरुत्वमध्य आडव्या व उभ्या अशा दोन्ही अक्षांवर यावा. मग कोणत्याही कोनात परिबल शून्य राहते. यास उदासीन समतोल म्हणतात. भिंग जेथे सोडावे तेथे थांबते आणि बोटाच्या स्पर्शाने फिरते. जहाजावरील होकायंत्र ज्या कड्यांत टांगतात, त्या कड्यांवरून हे नाव आले आहे. दोहोंत एक भेद मात्र ध्यानी ठेवावा. होकायंत्राचा गुरुत्वमध्य अक्षाखाली ठेवतात, त्यामुळे ते आपोआप सपाट होते. भिंगाचा गुरुत्वमध्य नेमका अक्षावर ठेवावयाचा असतो. हे साधण्यासाठी भिंगाला स्वतःचे कडे व पाय असणे आणि त्याखालची पट्टी पुढे-मागे सरकण्याइतकी लांब असणे आवश्यक आहे.

तिसरा प्रकार फ्लुइड हेडचा. यात दाट द्रवाच्या श्यानतेमुळे गतीला एकसारखा विरोध होतो आणि स्प्रिंगच्या योगाने कलाचे परिबल बरेचसे तोलले जाते. शिकार, पिलांना भरविणे, हाक देणे अशा वर्तनाचे चलच्चित्रण करणाऱ्यास हेच सोयीचे. जुन्या पद्धतीचे तीन दांड्यांचे पॅन-टिल्ट हेड एका जागी स्थिर असलेल्या विषयास चालते. तथापि प्रत्येक दिशेची पकड स्वतंत्रपणे सैल-घट्ट करावी लागत असल्याने हलणाऱ्या पक्ष्यापुढे ते अपुरे पडते.

आता दृढतेकडे वळू. आधाराचे कंपन किती वेगाने होईल हे त्याची दृढता व त्यावरील वस्तूचे निरूढी परिबल यांवर ठरते. निरूढी परिबल चौपट झाल्यास कंप्रता निम्मी होते. लांब भिंगाचे निरूढी परिबल मोठे असल्याने त्याचे कंपन संथ असते व ते विरण्यास वेळ लागतो. पहाटेच्या मंद प्रकाशात उद्भासनकाल सेकंदाच्या साठाव्या भागापर्यंत किंवा त्याहूनही लांबवावा लागतो, तेव्हा हेच कंपन प्रतिमेत उतरते. येथे गिंबल हेडचा गुण त्याचा दोषही ठरतो. त्याचा बाहू एका बाजूनेच आधारलेला असल्याने पिळाला तो काहीसा लवचिक असतो, आणि दोन्ही अक्ष मोकळे ठेवले तर वाऱ्याच्या झुळकेलाही भिंग प्रतिसाद देते. म्हणून बसलेल्या पक्ष्याचे छायाचित्र घेताना गिंबलचे दोन्ही अक्ष आवळून घ्यावेत.

विक्रेते शीर्षावर छापलेला भारक्षमतेचा आकडा दाखवितात. हा आकडा कसा मोजावा याविषयी सर्व निर्मात्यांना बंधनकारक असा एकच मानदंड नाही. शिवाय शीर्ष किती भार न घसरता पेलते एवढेच त्यावरून फार तर कळेल. त्या भाराखाली ते किती लवते आणि कंपन किती लवकर विरते, हे कळत नाही.

यावर उपाय म्हणून विद्यार्थ्यांनी स्वतःच एक प्रयोग करावा. मराठी वर्तमानपत्राचे पान फळीवर ताणून ४० मीटर अंतरावर लावावे. त्यातील लहान मथळ्यांच्या अनुस्वाराचे टिंब आपल्या ठिपक्याच्या मापाजवळ येते. एका उद्भासनकालाला दहा, याप्रमाणे निरनिराळ्या कालांना चित्रे घ्यावीत आणि किती चित्रांत टिंब अलग दिसते ते मोजावे. मग शीर्ष बदलून तोच क्रम पुन्हा करावा. भिंगातील कंपनरोधक यंत्रणा चालू व बंद अशा दोन्ही स्थितींत पाहावे. तिपाईवर ती कशी वागते हे भिंगागणिक बदलते. झडप हाताने न दाबता दूरनियंत्रकाने उघडावी.

शीर्ष कितीही उत्तम असले तरी साखळीचा सर्वांत कमकुवत दुवाच निर्णायक ठरतो. तिपाईचा मधला दांडा वर काढू नये, पायांचे सर्वांत बारीक भाग शेवटी उघडावेत. गाविलगडच्या परिसरातील उताराच्या, खडकाळ जमिनीवर प्रथम तिपाईचा माथा सपाट करून घ्यावा. अन्यथा आडवे फिरविताना क्षितिज कलते. पठाराच्या कड्यांवर वारा असतो. तेथे तिपाईला वजनाची पिशवी टांगल्यास ती जमिनीला टेकलेली असावी, नाही तर तीच लंबकाप्रमाणे झोके घेऊ लागते. व्याघ्रप्रकल्पातील वनभ्रमंतीच्या वाहनातून खाली उतरता येत नाही. तेथे तिपाईचा हट्ट सोडून दाण्यांनी भरलेली पिशवी खिडकीवर ठेवणेच शहाणपणाचे.

या विवेचनावरून निवडीचे सूत्र असे निघते. ६०० मिलिमीटरांसारख्या जड भिंगाने बसलेला आणि उडणारा असे दोन्ही पक्षी टिपावयाचे असतील, तर गिंबल हेड घ्यावे. वर्तनाचे चलच्चित्रण हा मुख्य हेतू असेल, तर फ्लुइड हेड घ्यावे. भिंग हलके असून पायी फार चालावयाचे असेल, तर मोठ्या गोळ्याचे बॉल हेड पुरेल. विभागासाठी एकच शीर्ष घेता येण्यासारखे असेल, तर पुढील पाच वर्षांत कोणत्या प्रकारच्या नोंदी करावयाच्या हे आधी ठरवावे.

हा विषय कारागिराचा आहे, संशोधकाचा नव्हे, असे काहींना वाटण्याचा संभव आहे. परंतु सूक्ष्मदर्शकाचे आसन डगमगते आहे हे ठाऊक असताना कोणी त्यातील मोजमाप प्रबंधात घालणार नाही. रानात उभ्या केलेल्या तिपाईलाही तोच न्याय लावला पाहिजे. छायाचित्रातील डोक्यावर ठिपके दिसत नाहीत, एवढ्यावरून रानपिंगळ्याची नोंद करण्यापूर्वी, ठिपके असते तर ते या चित्रात दिसले असते काय, हा प्रश्न अभ्यासकाने स्वतःस विचारावा. त्याचे होकारार्थी उत्तर देता यावे यासाठीच शीर्षाची निवड विचारपूर्वक करावयाची असते.