वकिलाचेच नागरिकत्व

वकील हा शब्द मूळ अरबी. ज्याच्यावर आपले काम सोपवून निर्धास्त व्हावे, तो वकील. मराठेशाहीत हा शब्द कोर्टापेक्षा दरबारात अधिक वावरला. परमुलखात जाऊन आपल्या धन्याची बाजू मांडणारा तो वकील. साताऱ्याचे रंगो बापूजी गुप्ते या अर्थाने वकील होते. १८३९ मध्ये इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवरून उतरवले, तेव्हा त्यांची फिर्याद घेऊन ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत झगडत राहिले. परमुलखात राहून न्याय मागणे किती चिवट काम आहे, हे सातारकरांना वेगळे सांगायला नको.

आमच्या सांगली जिल्ह्यातला विट्या-आटपाडीचा गलाई कारागीर सोने-चांदी गाळायला देशाच्या कुठल्याही कोपऱ्यात जाऊन दुकान मांडतो. त्याला तिथे राहण्याचा परवाना काढावा लागत नाही, कारण संविधानाच्या १९ व्या कलमाने तो हक्क दिला आहे. देशाची वेस ओलांडली की मात्र गोष्ट बदलते. तिथे पाऊल ठेवायला कागद, काम करायला दुसरा कागद, कायम राहायला तिसरा. हे कागद ज्या कायद्याने मिळतात किंवा अडतात, त्याला म्हणतात इमिग्रेशनचा कायदा. या कायद्याची वकिली करणारे पुष्कळदा स्वतःच परदेशातून आलेले असतात. आधी कुणी मास्तर असतो, कुणी दुकानदार. स्वतःचे अर्ज भरता भरता तो या वाटेला लागतो.

आपल्या लोकांपैकी या वाटेने फार आधी गेलेले एक गृहस्थ म्हणजे सखाराम गणेश पंडित. नाव अस्सल आपल्याकडचे, जन्म मात्र अहमदाबादचा, १८७५ चा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते अमेरिकेत गेले आणि भारतीय तत्त्वज्ञानावर व्याख्याने देऊ लागले. १९१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोर्टाने त्यांना नागरिकत्व दिले. मग व्याख्यात्याने कायदा हाती घेतला आणि १९१७ मध्ये पंडित तिथे वकील झाले.

अमेरिकेत १७९० पासून एक कायदा होता. नागरिकत्व मिळायचे ते फक्त 'गोऱ्या' माणसाला. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. मग भारतीय माणूस कोण? एक न्यायाधीश त्याला गोरा म्हणे, दुसरा नाही म्हणे. भगतसिंग थिंद नावाचा पंजाबी शीख पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्करात होता. त्याला नागरिकत्व मिळाले, पण सरकारने हरकत घेतली आणि खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. थिंदतर्फे पंडित उभे राहिले.

त्यांचा युक्तिवाद असा: त्या काळचे मानववंशशास्त्र उत्तर भारतीयांना कॉकेशियन मानते, आणि कॉकेशियन म्हणजे गोरे. इथवर ठीक. पण पुढे त्यांच्या बाजूने जातीचाही आधार घेतला गेला. उच्चवर्णीयांनी रक्त कसे शुद्ध राखले, आपल्याकडच्या आदिवासींना ते कसे खालचे मानतात, हेही कोर्टापुढे ठेवले गेले. वाचताना मन खट्टू होते. ज्या मोजपट्टीने आपल्याला बाहेर काढले जात होते, तीच आपल्याच भावंडांवर ठेवायची! कायदाच तसा होता, वकील दुसरे काय करणार, असे कुणी म्हणेल. म्हणोत.

त्याचा उपयोगही झाला नाही. १९ फेब्रुवारी १९२३ रोजी न्यायमूर्ती सदरलँड यांनी एकमताचा निकाल सांगितला: शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. तीनच महिन्यांपूर्वी ओझावा नावाच्या जपानी माणसाला याच न्यायमूर्तींनी सांगितले होते, की कातडी गोरी असून भागत नाही, कॉकेशियन असावे लागते. आणि हे सदरलँडसाहेब स्वतः इंग्लंडात जन्मलेले, म्हणजे तेही बाहेरून आलेलेच.

अमेरिकन दप्तरात तेव्हा हिंदुस्थानातला कुणीही 'हिंदू' म्हणूनच नोंदला जाई. शीखही हिंदू आणि माझ्यासारखा मुसलमानही हिंदूच. जॉन मोहम्मद अली यांनी मिशिगनमध्ये आपण मूळ अरब वंशाचे असल्याचे सांगून पाहिले. १९२५ मध्ये त्यांचेही नागरिकत्व गेले.

थिंद निकालानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वे काढून घ्यायला सुरुवात केली, आणि त्यात खुद्द पंडितांचा नंबर लागला. नागरिकत्व गेले तर वकिलीची सनद जाणार, घर-जमीन धोक्यात येणार, अमेरिकन पत्नीचे नागरिकत्वही जाणार. आता पंडितांनी वंशाचा विषय बाजूला ठेवला. त्यांचे म्हणणे साधे होते: १९१४ मध्ये कोर्टाने निकाल दिला, तेव्हा सरकारला हरकत घ्यायची, अपील करायची संधी होती. ती घेतली नाही. त्या निकालावर विसंबून मी माझे जुने हक्क सोडले, धंदा उभारला, संसार मांडला. आता मागे फिरता येणार नाही.

बांधाच्या भांडणात ज्यांनी आपल्याकडे कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्यांना हे ओळखीचे वाटेल. एकदा निकाल लागलेला वाद पुन्हा उकरता येत नाही, हे तत्त्व आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ११ व्या कलमात आहे. आणि आपल्या बोलण्यावर वा वागण्यावर दुसऱ्याने विश्वास ठेवून पाऊल उचलले, की आपल्याला शब्द फिरवता येत नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्यात होते. त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या साक्ष्य अधिनियमातही ते आहे.

पंडित जिंकले. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने निकाल कायम केला. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे म्हणणे ऐकायलाच घेतले नाही. त्यानंतर सरकारने भारतीयांवरचे असे बाकीचे खटले सोडून दिले. गोरे कोण, या प्रश्नाने जे साधले नाही, ते तेरा वर्षांपूर्वीच्या एका कागदाने साधले.

ज्यांचे नागरिकत्व आधीच गेले होते, त्यांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगई हे त्यांतले एक. दुकान गेले होते, घर गेले होते. भारतात येऊन जायचे तर अमेरिकेचा पासपोर्ट मिळेना, आणि ब्रिटिश पासपोर्ट त्यांना नको होता. मार्च १९२८ मध्ये त्यांनी गॅस सोडून जीव दिला. थिंदना १९३६ मध्ये नागरिकत्व मिळाले, तेही माजी सैनिकांसाठी झालेल्या वेगळ्या कायद्याखाली. बाकीच्या भारतीयांसाठी दार उघडले १९४६ मध्ये, आणि तेव्हाही साऱ्या हिंदुस्थानातून वर्षाला शंभर माणसे घ्यायची, एवढेच.