मातीतील गंधक आणि आपले ताट

कांदा चिरताना डोळ्यांत येणारे पाणी हे मातीतल्या गंधकाचे देणे आहे. रोपाची मुळे गंधक घेतात तो सल्फेटच्या रूपाने. पेशीच्या आवरणातील वाहक प्रथिने त्याला आत ओढतात. पण सल्फेट हा सुस्त गडी! एटीपी हे पेशीचे चलन खर्चून त्याला आधी जागे करावे लागते. मग हरितकणांत दोन इलेक्ट्रॉन मिळून त्याचे सल्फाइट होते, आणखी सहा मिळून सल्फाइड. ते सेरिनपासून बनलेल्या रेणूशी जोडले की सिस्टीन तयार. त्यातूनच पुढे मेथिओनीन, जे आपल्या शरीराला स्वतः बनवता येत नाही.

सिंगल सुपर फॉस्फेटबरोबर सुमारे ११ टक्के गंधक शेतात आपसूक पडतो. डीएपीबरोबर जवळजवळ नाहीच. पीक मात्र दरसाल आपला वाटा नेते. जमिनीची ही थकबाकी चुकवली नाही, तर धान्याचा कस घटतो. आणि केवळ डाळभाकरीवर जगणाऱ्या श्रमिकालाच तो तोटा आधी सोसावा लागतो.