जाणत्याला विचारावें कीं सोसलेल्याला?

दीड वर्षापूर्वीं आषाढांतल्या एका रविवारीं दुपारच्या चहाच्या वेळीं आमच्या धाकट्या भावजयीनें वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय काढला, तेव्हां घरांत क्षणभर कोणीच कांहीं बोललें नाहीं. मग मातोश्री म्हणाल्या, "अग, चांगलें धडधाकट पोट कापून टाकायचें? हा कसला उपाय!" थोरल्या सूनबाईंनीं नेहमींचें वाक्य उच्चारलें, "दोन घास कमी खाल्ले म्हणजे झालें." आणि प्रामाणिकपणें सांगावयाचें तर आमचेंहि मत त्या वेळीं याहून फारसें निराळें नव्हतें.

भावजयीचें वय ४१, उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन ९४ किलो. मधुमेह आठ वर्षांचा. गुडघे दुखतात, आणि झोपेंत श्वास अडकतो म्हणून रात्रीं नाकावर यंत्राची नळी लावून निजावें लागे. गेल्या बारा वर्षांत तिनें काय केलें नाहीं? पहांटे टेकडी चढली, भात सोडला, एकभुक्त राहिली, पैसे मोजून आहारतज्ज्ञांचे दोन वर्ग केले. दर खेपेस आठ-दहा किलो उतरत आणि वर्षभरांत बारा होऊन परत येत. दोन घासांचा उपदेश तिला करणाऱ्यांपैकीं एकानेंहि, आम्ही धरून, हा जमाखर्च कधीं मांडला नव्हता. उतरलेलें वजन परत मिळविण्यासाठीं शरीर झगडतें, भूक वाढवितें व आपला खर्च आंखडतें, हें आतां वैद्यकास ठाऊक आहे. स्वीडनमध्यें १९८७ सालीं एक मोठी पाहणी सुरू झाली. तींत सुमारें दोन हजार स्थूल माणसांवर शस्त्रक्रिया झाली आणि तितक्याच माणसांना नेहमींचे उपचार मिळाले. या दुसऱ्या गटाचें सरासरी वजन पंधरा वर्षांत दोन टक्क्यांपलीकडे हललें नाहीं. तीं सारीं माणसें आळशी होतीं असें म्हणण्याचें धाडस आम्हांला होत नाहीं.

तेव्हां हा उपाय विचारांत घ्यावा कीं नाहीं, हा प्रश्न आठ दिवसांत मागें पडला, आणि त्याच्या जागीं दुसरा उभा राहिला: विचारावें कोणाला?

शस्त्रवैद्यांकडे ती, तिचे यजमान व आम्ही असे तिघे गेलों. गृहस्थ तरुण, बोलण्यांत नेमके. त्यांनीं कागदावर जठराचें चित्र काढून दाखविलें. एका प्रकारांत जठराचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग उभा कापून काढतात आणि केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात. तिला बाहीची उपमा देऊन 'स्लीव्ह' म्हणतात. भूक चेतविणारा घ्रेलिन नांवाचा स्राव मुख्यत्वें त्या काढलेल्या भागांतच तयार होतो, म्हणून केवळ जागा कमी होते असें नव्हे, तर भूकहि मंदावते. दुसरा प्रकार 'बायपास'. त्यांत जठराच्या वरच्या टोकाची लहानशी पिशवी करून ती पुढच्या आंतड्याला जोडतात. हा मार्ग आयोवा विद्यापीठांतील एडवर्ड मेसन यांनीं १९६६ च्या सुमारास प्रथम चोखाळला.

मग त्यांनीं भागाकार केला. किलोंतल्या वजनास मीटरमधल्या उंचीच्या वर्गानें भागलें असतां भावजयीचा आंकडा ३९ आला. १९९१ सालीं अमेरिकेंत ठरलेली मर्यादा ४० ची होती. मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर ३५ ची. २०२२ च्या सूचनांनीं ती ३५ व ३० वर आणली, आणि आशियाई लोकांचा विचार २७.५ पासूनच व्हावा असें म्हटलें. आपल्याला निराळें माप कां, याचें उत्तर पुण्यांतच सांपडतें. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचें एक छायाचित्र २००४ मध्यें 'लॅन्सेट' या नियतकालिकांत छापलें गेलें. दोघांचा भागाकार एकच, सुमारें २२. परंतु युडकिन यांच्या शरीरांत चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरांत २१.२ टक्के! सडपातळ दिसणाऱ्या आपल्या मंडळींना मधुमेह कसा होतो, हें त्या एका चित्रांत आहे.

धोक्याविषयींहि शस्त्रवैद्यांनीं आडपडदा ठेवला नाहीं. अमेरिकेंत २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत ४,७७६ रुग्णांपैकीं पहिल्या तीस दिवसांत हजारीं तीन दगावले. टांक्यांतून गळती, रक्तस्राव, पायांतल्या शिरेंत गुठळी, पुढें पित्ताशयांत खडे, हें सर्व त्यांनीं मोजून सांगितलें. बाहेर पडतांना भावजय मात्र गप्प होती. रिक्षांत बसल्यावर ती म्हणाली, "भावजी, सगळें समजलें. पण मला काय होईल तें कांहींच समजलें नाहीं."

तें तिला पलीकडच्या सोसायटींतल्या एका बाईंनीं सांगितलें. त्यांच्या शस्त्रक्रियेस पांच महिने झाले होते आणि २७ किलो वजन उतरलें होतें. भावजय त्यांच्याकडे तासाभरासाठीं म्हणून गेली ती दिवेलागणीला परतली. पहिल्या रात्रींची तहान कशी असते; पोटांत भरलेल्या वायूनें दुखतो तो खांदा; एक वाटी वरणाचें पाणी संपवायला कसा तास लागतो; चौथ्या महिन्यांत फणींत केसांचा पुंजका येतो तेव्हां काळजांत काय होतें; आणि लग्नाच्या पंगतींत आग्रह करणाऱ्या आजेसासूबाईंना पान न दुखवितां कसें थोपवावें! ज्याचें जळतें त्याला कळतें, हें खरें. शस्त्रवैद्यानें आग्रहाची पंगत कधीं हिशेबांत धरली नव्हती. आमच्यासारख्या घरांत तर निम्मा आजार तिथेंच आहे. केस पुढें परत येतात हें शस्त्रवैद्यांनींहि सांगितलें असतें, पण स्वतःचे नवे केस कपाळावर उभे राहिलेले दाखवून सांगणें निराळें. त्या दिवशीं भावजयीचा निश्चय झाला, आणि मार्गशीर्षांत 'स्लीव्ह' पार पडली.

येथपर्यंत आम्ही सोसलेल्यांच्या बाजूचे होतों.

सहाव्या आठवड्यांत तिला उलट्या सुरू झाल्या. सकाळीं ताक टिकेना, दुपारीं भाताची पेज टिकेना. पलीकडच्या बाईंना विचारलें, तर त्या म्हणाल्या, "मलाहि झाल्या होत्या. सावकाश चावून खा, होतील बंद." त्यांच्या ओळखींतल्या आणखी दोघींचें मत तेंच पडलें. तिघींचा एकच अनुभव, मग शंका कसली? शस्त्रवैद्यांना उगीच त्रास नको, असें घरानें ठरविलें. आम्हींच ठरविलें म्हणा ना. तीन आठवडे असे गेले. जीवनसत्त्वांच्या गोळ्याहि उलटींतून पडत होत्या, हें कोणी लक्षांत घेतलें नाहीं. एके सकाळीं देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत येतांना ती दोनदां भिंतीला टेकली. पायांना मुंग्या येत होत्या. त्या आठ दिवस येतच होत्या, पण ती बोलली नव्हती.

त्या दुपारीं तिला इस्पितळांत नेलें. शस्त्रवैद्यांनीं पाय तपासले, डोळ्यांची हालचाल पाहिली आणि सलाइनमध्यें साखर जाण्यापूर्वीं ब-१ जीवनसत्त्वाचें इंजेक्शन द्यावयास सांगितलें. क्रम महत्त्वाचा, ब-१ नसतांना साखर आधीं गेली तर मेंदूला इजा होते. या जीवनसत्त्वाचा सांठा शरीरांत दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. दुखणें नवें नव्हे, हा आपला जुना बेरीबेरीच. सडलेल्या तांदुळावर वाढलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात हें जावा बेटांत ज्यांनीं पाहिलें त्या आइकमन यांना १९२९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पुण्यांतल्या भरल्या घरांत, डब्यांत तांदूळ असतांना, तेंच दुखणें आमच्या घरीं आलें होतें. उलट्यांचें कारण नळींत पडलेला एक पीळ होता. तो दुर्बिणीनें फुगा घालून रुंदावला. पाय सुधारले. डाव्या तळव्याला अजून थोडी बधिरता आहे.

पलीकडच्या बाईंवर आमचा राग नाहीं. त्या खोटें बोलल्या नाहींत. त्यांच्या उलट्या खरोखरच चावून खाल्ल्यानें थांबल्या होत्या. शितावरून भाताची परीक्षा होते ती भात एका पातेल्यांतला असतो म्हणून. माणसांचीं पातेलीं वेगळालीं. याच बाईंनीं मधुमेहाच्या गोळ्या तिसऱ्या दिवशीं आपण होऊन बंद केल्या होत्या आणि तसेंच करावयास भावजयीला सांगितलें होतें. त्या वेळीं दिरानें (म्हणजे आम्ही) हटकलें म्हणून निभावलें. गोळ्या कमी कराव्याच लागतात, नाहीं तर साखर धोक्याइतकी खालीं येते. पण किती आणि केव्हां, तें रक्त तपासून ठरतें, शेजारणीच्या आठवणींतून नव्हे.

यांत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आम्हांला फार उशिरां सुचली. उत्साहानें बोलतात तीं माणसें बहुधा पहिल्या वर्षांतलीं असतात. इस्पितळांत दर महिन्याला रुग्णांचा मेळावा भरे. आम्ही दोनदां जाऊन बसलों. नवीं वस्त्रें, नवें रूप, टाळ्या. ज्यांचें वजन तिसऱ्या वर्षीं परत चढूं लागलें तीं कशाला येतील? तीं घरीं बसतात, आणि लाजतात. आणि गंमत अशी कीं शस्त्रवैद्यालाहि तींच दिसत नाहींत. दोन वर्षांनंतर तपासणीला येणाऱ्यांची संख्या रोडावते. म्हणजे दोघेहि, जाणता आणि सोसलेला, एकाच उजेडांतल्या माणसांकडे पाहून बोलतात. अंधारांतल्यांसाठीं पुन्हां त्या स्वीडिश पाहणीकडेच जावें लागतें. बायपास झालेल्यांचें वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलें. दहा वर्षांनीं ही घट २५ टक्के राहिली. शस्त्रक्रिया झालेल्या गटांतील मधुमेह्यांपैकीं दोन वर्षांनीं ७२ टक्क्यांचा मधुमेह हटला होता. पंधरा वर्षांनीं असे ३० टक्केच उरले. आणि तरीहि, सुमारें अकरा वर्षांच्या अवधींत शस्त्रक्रिया झालेल्यांत १०१ मृत्यु झाले व न झालेल्यांत १२९. एवढ्यावरून कोणी निराश व्हावें असें नाहीं. पण पांच महिन्यांच्या बाईंना हे आंकडे कोठून ठाऊक असणार?

म्हणून आम्हीं जुनीं माणसें शोधलीं. एक सेवानिवृत्त शिक्षिका भेटल्या. त्यांच्या बायपासला नऊ वर्षें झालीं आहेत. ४० किलो उतरलें, त्यांतलें १२ परत आलें. त्यांनीं आम्हांला टाळीचें कांहींच सांगितलें नाहीं. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि गोड शिरा खाल्ला कीं अर्ध्या तासांत दरदरून घाम सुटतो, छाती धडधडते, आडवें पडावें लागतें. अन्न एकदम आंतड्यांत उतरतें त्याचा हा परिणाम. त्यांनीं उपवास सोडले नाहींत, शेंगदाण्याची आमटी व दही यांवर आणले. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनें पोटांत जावीं लागतात, आणि शाकाहारी माणसाला तीं मूठभर जठरांतून भरणें म्हणजे रोजचा हिशेब. म्हणून त्या ताटांत पहिल्यानें पनीर वा उसळ घेतात, पोळी शेवटीं, उरली भूक तर. ब-१२ चें इंजेक्शन जन्मभराचें. तें प्राणिज अन्नांतूनच मिळतें. दुधातुपावरच्या आपल्या घरांत तें आधींच कमी, त्यांत मधुमेहाची मेटफॉर्मिन तें आणखी घटविते. गुडघ्यासाठीं साध्या वेदनाशामक गोळ्या कोणी दिल्या तर त्या घेत नाहींत, बायपासच्या जोडावर त्यांनीं व्रण होतो. "हें मला कोणी शिकविलें म्हणतां?" त्या हंसून म्हणाल्या, "निम्में डॉक्टरांनीं, निम्में माझ्या चुकांनीं. आणि चुका झाल्या कीं मी डॉक्टरांना जाऊन सांगतें. बाकीच्या बायका एकमेकींना सांगतात."

त्या भेटीनंतर भावजयीनें एक दोनशें पानी वही घातली. समोरासमोरचीं दोन पानें. डावीकडे शस्त्रवैद्यांना विचारावयाचें: तुम्हीं स्वतः अशा किती केल्या, त्यांतल्या किती जणांना परत शस्त्रक्रियेच्या खोलींत न्यावें लागलें, पांच वर्षांनीं किती जण तुमच्याकडे येतात, माझ्या मधुमेहाला दोन्हींपैकीं कोणती आणि कां, रात्रीं दोन वाजतां कोणाला फोन करावा. उजवीकडे सोसलेल्यांना विचारावयाचें: सणाला काय करतां, प्रवासांत काय खातां, सैल पडलेली कातडी कशी सांभाळतां, नवरा काय म्हणाला, पश्चात्ताप कोणत्या महिन्यांत झाला. ताप, उलटी, काळी शौच, पोटांतली कळ, मुंग्या, चक्कर हीं कोणत्याहि परिस्थितींत उजव्या पानावर जावयाचीं नाहींत, असें तिनें पहिल्याच पानावर तांबड्या शाईनें लिहिलें आहे. वही आधीं घातली असती तर, हा विचार आमच्या मनांत येतो. तिच्याहि येत असेल. ती बोलत नाहीं.

मातोश्रींनीं मात्र एकदांहि "मी म्हटलें नव्हतें का" असें काढलें नाहीं. त्यांनीं आपल्या माहेरची चांदीची लहान वाटी कपाटांतून काढून तिच्या पानांत ठेवली. तेवढेंच माप, त्याहून अधिक वाढावयाचें नाहीं, असा घरास दंडक घालून दिला. आग्रहाची गोष्टच संपली.

परवां संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घर भरलें होतें. भावजयीचें वजन आतां ६७ किलो आहे. रात्रींची नळी माळ्यावर गेली, मधुमेहाची एक गोळी तेवढी राहिली. तिळगुळाची वडी तिनें चिमटीएवढी तोडून तोंडांत टाकली आणि उरलेली पुतणीच्या हातावर ठेवली. गर्दी ओसरल्यावर कॉलनींतली एक तिशीची, चांगलीच स्थूल मुलगी मागें रेंगाळली. "काकू, तुम्ही एवढ्या बारीक झालांत, मी पण करूं का? खरें सांगा," असें ती हळूच म्हणाली. आम्ही पलीकडच्या खोलींत वर्तमानपत्र उलगडून ऐकत होतों. उत्तराला थोडा वेळ लागला. "मला अजून तेराच महिने झालेत ग," भावजय म्हणाली. "माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांना नऊ वर्षें झालींत. शनिवारीं मी त्यांच्याकडे जाणार आहें, तूं चल. आणि यायच्या आधीं तुझ्या डॉक्टरांना विचारायचें काय काय तें लिहून आण. थांब, वही दाखवतें."