आधी पाकीट, मग दुर्बीण

लंडन : इंग्लंडमध्ये पन्नाशी गाठलेल्या माणसाच्या घरी चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत दर दोन वर्षांनी एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेकडून मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या चाचणीचं पाकीट येतं. आत एक छोटी प्लास्टिकची बाटली असते. तिच्या झाकणाची काडी शौचावर खरवडायची, बाटलीत परत खोचायची आणि बाटली पोस्टात टाकायची. तिकीट लावावं लागत नाही. प्रयोगशाळेत डोळ्यांना न दिसणारं रक्त मोजतात आणि ते ठरावीक मर्यादेपलीकडे निघालं, तरच कोलोनोस्कोपीसाठी बोलावतात. ही वरवर काटकसर वाटते. माझ्या मते हा शहाणपणाचा क्रम आहे.

कोलोनोस्कोपीचं मोल मोठं आहे, यात वाद नाही. आदल्या दिवशी जुलाबाचं औषध देऊन पोट साफ करतात आणि कॅमेरा बसवलेली लवचिक नळी गुदद्वारातून आत सरकवत सुमारे दीड मीटर लांबीचं मोठं आतडं तपासतात. पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची छोटी गाठ, दिसला, तर नळीतूनच तारेचा फास टाकून तो कापतात आणि तपासायला पाठवतात. पॉलिपचा कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात. म्हणजे ही तपासणी रोग नुसता शोधत नाही, होण्याआधीच तोडते. मग जर्मनीत 2002 पासून आहे तशी ती सर्वांना थेट का देऊ नये? एक तर तिला कुशल हात आणि वेळ लागतो, शिवाय रक्तस्राव किंवा आतड्याला छिद्र पडण्याचा अल्प का होईना, धोका असतो. त्यात सगळे येतातच असंही नाही. पोलंड, नॉर्वे आणि स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2022 साली प्रसिद्ध झाले. त्यात थेट बोलावलेल्यांपैकी 42 टक्केच आले. इंग्लंडमध्ये बाटली परत पाठवणारे सुमारे दोनतृतीयांश आहेत.

रक्त न येणारा पॉलिप बाटलीच्या चाचणीतून निसटतो, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच ती दर दोन वर्षांनी होते. एकदा निसटलेलं पुढच्या खेपेस सापडू शकतं. वयाबद्दलची तक्रार त्याहून गंभीर होती. स्कॉटलंडमध्ये तपासणी पन्नाशीला सुरू होत असताना इंग्लंड साठीपर्यंत थांबत होतं. बीबीसीचे वृत्तनिवेदक जॉर्ज अलगाया यांचा आतड्याचा कर्करोग 2014 मध्ये कळला, तेव्हा तो पसरलेला होता. ही तफावत त्यांनी जाहीरपणे मांडली. 2023 मध्ये ते गेले. इंग्लंडने 2021 पासून वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणली. क्रम योग्य होता, तो सुरू व्हायला उशीर होत होता.

दक्षिण आशियाई घरांतून मात्र बाटल्या कमी परततात. इथल्या मराठी कुटुंबांनी हे मनावर घ्यायला हवं. आणि शौचातून रक्त दिसत असेल, तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून पाकिटाची वाट पाहत बसू नये. ही चाचणी लक्षणं नसलेल्यांसाठी आहे. लक्षण दिसलेल्याने थेट डॉक्टर गाठावा.