रमाबाईंची श्रद्धा
श्रद्धेतले सांत्वन म्हणजे दुःखावरची गुंगी, हा आक्षेप पंडिता रमाबाईंच्या आयुष्याशी ताडून पाहावा. आईवडील दुष्काळात गेले, १८८२ मध्ये पतीही. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण त्या देवघरात बसून राहिल्या नाहीत. १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, पुढे दुष्काळातल्या निराधार बायका-मुलींना केडगावला आसरा दिला. त्यांची प्रार्थना रोजच्या कामापासून वेगळी काढताच येत नाही. सदनातल्या धर्मांतराच्या वादात १८९३ मध्ये सदनाचे सल्लागार रानडे-भांडारकर दूर झाले. आश्रित बाईची निवड कितपत मोकळी, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. मात्र रमाबाईंच्या स्वतःच्या स्थैर्याचा उलगडा त्याने होत नाही. १९२१ मध्ये एकुलती लेक मनोरमा गेली, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.