गर आईचा, बी दोघांचे



आजारी माणसाला भेटायला जायचे म्हटले की आपण सफरचंदे घेतो. महाग असली तरी घेतो, ताकद येईल म्हणून. आमच्याकडे एक प्रश्न आला आहे: फुलाला कोणत्या झाडाचे पराग मिळतात, त्यावर सफरचंदातले क जीवनसत्त्व ठरते का? आज त्याविषयी बोलू.

सफरचंदाच्या बहुतेक जातींना आपल्याच जातीचे पराग चालत नाहीत. म्हणून हिमाचल प्रदेशात रॉयल डेलिशियसच्या बागेत गोल्डन डेलिशियस, रेड गोल्ड अशी दुसऱ्या जातीची झाडे मधूनमधून लावतात. एप्रिलच्या सुमारास ती सोबतच फुलतात आणि मधमाश्या पराग इकडचे तिकडे नेतात. अशी झाडे कमी पडली तर त्यांच्या फुललेल्या फांद्या पाण्याच्या पिशवीत खोचून मुख्य झाडांवर टांगतात.

पराग बदलले की बी बदलते, कारण बी आईबाप दोघांचे असते. गर मात्र आईच्या झाडाचा. म्हणून गोल्डनचे पराग पडले तरी रॉयलच्या झाडावर रॉयलच पिकते. तरीही बापाचा थोडा प्रभाव गरापर्यंत पोचतो. खजुरात हे स्पष्ट दिसते. नर झाड बदलले की फळाचा आकार आणि पिकण्याची वेळ बदलते. अमेरिकेतल्या वॉल्टर स्विंगल यांनी १९२८ मध्ये या परिणामाला ‘मेटाझेनिया’ हे नाव दिले.

सफरचंदात हे काम मुख्यतः बियांमार्फत होते. फळ आडवे कापून पाहा. चांदणीसारखे पाच कप्पे दिसतील. प्रत्येकात साधारण दोन, म्हणजे सगळ्या मिळून दहा बिया बसू शकतात. वाढत्या बियांमधून संप्रेरके निघतात आणि त्यांच्यामुळे भोवतालचा गर भरतो. पराग कमी पडले तर बिया कमी धरतात, आणि ज्या बाजूला बी नाही ती बाजू चपटी राहते.

मग क जीवनसत्त्वाचे काय? ते झाड स्वतः साखरेपासून तयार करते. कोवळ्या फळात वजनाच्या मानाने ते जास्त असते आणि फळ फुगत जाते तसे त्याचे प्रमाण उतरते. सालीत ते गरापेक्षा जास्त, उन्हाच्या बाजूला आणखी जास्त. परागांची जात बदलल्यावर काही प्रयोगांत त्यात फरक दिसले आहेत. पण मुळात १०० ग्रॅम सफरचंदात क जीवनसत्त्व ४-५ मिलिग्रॅमच. त्यात थोडी भर पडली तरी आपल्या ताटात काय फरक पडणार? १०० ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या आसपास असते, आवळ्यात त्याहूनही जास्त. मोठ्या बाईची दिवसाची गरज साधारण ६५ मिलिग्रॅम.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवू. बाग करणाऱ्या बाईने चांगल्या परागांची झाडे आणि मधमाश्या जपाव्यात आणि बहरात कीटकनाशक फवारू नये. त्यातून फळ भरते, उत्पन्न टिकते. आणि घर चालवणाऱ्या बाईने क जीवनसत्त्वासाठी पैसे मोडून सफरचंद घेऊ नये. आवडते म्हणून जरूर खावे, धुऊन, सालीसकट. पण आजाऱ्याच्या पिशवीत गावचा पेरू ठेवायला कमीपणा मुळीच वाटू देऊ नका.